स्त्रियांचे मत आणि स्त्रीचे राज्य

राज्याची सूत्रे एकदा हाती येणे आणि तीच सूत्रे पुन्हा हाती देण्यास लोकांनी संमती देणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांच्यात पुष्कळ अंतर आहे. पहिल्या वेळी कुळाचे नाव उपयोगी पडते, प्रसंग उपयोगी पडतो, कित्येकदा केवळ दैव उपयोगी पडते. दुसऱ्या वेळी मात्र झालेल्या कामाचा हिशेब लोकांपुढे मांडावा लागतो. त्यातून सत्तेवरील व्यक्ती स्त्री असेल आणि तिला पुन्हा निवडून द्या असे सांगण्यास स्त्रियाच एकत्र येऊन पुढे होत असतील, तर प्रश्न अधिकच विचार करण्याजोगा होतो. अशा वेळी त्या स्त्रिया नेमके काय देत असतात? आपल्यातलीच एक म्हणून वाटणारी माया, की पारखून दिलेले मत? गोमंतकाच्या इतिहासात या प्रश्नाचा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विचार मनात आला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे प्रथम नार्वे उभे राहते. डिचोली तालुक्यातील हे गाव श्रीसप्तकोटेश्वराच्या वास्तव्यामुळे आमच्या वाचकांस परिचित आहेच. हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरील जुन्या नार्व्याचे. गोव्याच्या कदंब राजांचे ते आराध्य. शिवचित्त परमाडिदेवाच्या सुवर्णनाण्यांवर सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरलेला आढळतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बेटावरील देऊळ पाडले, तेव्हा देवाचे लिंग नदीपार होऊन डिचोलीच्या भूमीत आले. आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने आजच्या नार्व्यातील मंदिराचा जीर्णोद्धार झाला. याच शिवचित्त परमाडीची राणी कमलादेवी. बाराव्या शतकात आजच्या बेळगाव जिल्ह्यातील देगावे येथे तिने कमलनारायणाचे देऊळ उभारविले, आणि तेथील अग्रहाराशीही तिचेच नाव निगडित आहे. शिळेवर आपले नाव मागे ठेवून जाणारी ही स्त्री सामान्य खास नव्हती. परंतु तिचे सामर्थ्य दानाचे होते. ते राणीपदाबरोबर आले होते, आणि ते टिकावे म्हणून तिला प्रजेपुढे हिशेब मांडावा लागला नाही. तिच्या राज्यात शेतात राबणाऱ्या स्त्रियांना राणीविषयी काय वाटते, हे विचारण्याची रीतच तेव्हा नव्हती.

ती रीत पडण्यास पुढे आठ शतके जावी लागली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली गेले आणि नव्या काबिजादी म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या अमदानीत येथील स्त्रीच्या पदरात एक चमत्कारिक विसंगती पडली. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा पुढे गोव्यात लागू झाला, आणि हिंदूंच्या चालीरीतींसाठी १८८० मध्ये वेगळी संहिता निघाली. विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता एकत्र मानावी, पत्नीस तिच्या अर्ध्या वाट्याची धनीण समजावे, मुलीसही मुलाप्रमाणे वारसा मिळावा, ही या कायद्याची तत्त्वे. हिंदुस्थानातील इतर प्रांतांत स्त्रिया ज्या हक्कासाठी पुढे कित्येक दशके झगडल्या, तो येथे कागदावर आधीच लिहिलेला होता. कागदावर, असे आम्ही मुद्दाम म्हणतो; कारण बहिणींनी भावाच्या नावे हक्कसोड करून द्यावी आणि अर्ध्या वाट्याच्या धनिणीने काय लिहिले आहे हे न विचारता सही करावी, असे दस्तऐवज आमच्या व्यवसायात नजरेखालून जातात. घराची अर्धी धनीण असलेल्या या स्त्रीला राज्यकारभारात मात्र शब्द नव्हता.

खुद्द पोर्तुगालात काय स्थिती होती, हेही पाहण्यासारखे आहे. १९११ मध्ये तेथील निवडणुकीच्या कायद्याने साक्षर नागरिकांस आणि कुटुंबप्रमुखांस मताधिकार दिला. त्यात 'पुरुष' हा शब्द घालण्याचे राहून गेले. कारोलिना बेआत्रिझ आंजेलू या वैद्यकीय पदवीधर विधवा बाईंनी याच शब्दावर बोट ठेवले. आपण साक्षर आहोत, कुटुंबाच्या प्रमुखही आहोत, मग आपले नाव यादीत का नसावे, असा दावा त्यांनी न्यायालयात लावला. न्यायाधीशांनी तो मान्य केला, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी मत दिले. या बाई एकट्या नव्हत्या. स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका प्रजासत्ताकवादी महिला संघटनेत त्या वावरत होत्या. परंतु दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, कायदेमंडळाने 'पुरुष' हा शब्द कायद्यात घातला आणि ते दार बंद केले. पुढे १९३१ मध्ये ते किंचित उघडले, तेही माध्यमिक वा उच्च शिक्षण घेतलेल्या स्त्रियांपुरते. पेडण्याच्या वा डिचोलीच्या शेतात रोपणी करणाऱ्या बाईला त्या उघडझापीचा पत्ताही नव्हता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि दोन वर्षांच्या आत, ९ डिसेंबर १९६३ रोजी, गोवा, दमण व दीवच्या पहिल्या विधानसभेसाठी मतदान झाले. प्रौढ मताधिकाराने राणी आणि रोपणीवाली यांचे मत एका मोलाचे ठरविले. शिक्षणाची अट नव्हती, जमिनीची नव्हती, कुळाची नव्हती. शतकानुशतके भाटकाराच्या अंगणात खाली बसणारी मुंडकाराची बायको त्या दिवशी त्याच्याच रांगेत उभी राहिली. पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. त्या वादाची जखम दोन्ही भाषांच्या अभिमानी मंडळींना अजून आठवते. तिची खपली येथे काढण्याचे कारण नाही. आम्हांला नमूद करावयाचे आहे ते इतकेच, की गोव्याचे भवितव्य ठरविणाऱ्या त्या लाखो चिठ्ठ्यांत स्त्रियांच्याही चिठ्ठ्या होत्या, आणि कोणती चिठ्ठी कोणाची हे मतपेटीस ठाऊक नव्हते.

या पार्श्वभूमीवर शशिकला काकोडकर यांचे राज्य आले. त्यांचा जन्म १९३५ मध्ये पेडणे येथील. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या त्या कन्या. १९६७ मध्ये त्यांनी विधानसभेत प्रथम पाऊल टाकले, आणि १९७२ नंतर वडिलांच्या मंत्रिमंडळात त्या राज्यमंत्री झाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब अकस्मात निवर्तले, आणि राज्याची धुरा ताईंच्या खांद्यावर आली. उत्तर प्रदेशात १९६३ मध्ये सुचेता कृपलानी आणि ओरिसात १९७२ मध्ये नंदिनी सत्पथी मुख्यमंत्री झाल्या होत्या. देशातील तिसरी स्त्री मुख्यमंत्री छोट्या गोव्याने दिली, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे, की हे पद त्यांच्याकडे आले ते पित्याच्या चितेची राख निवण्याच्या आत. त्यात कर्तृत्वाची पारख होण्यास अवकाशच नव्हता.

पारख झाली ती १९७७ मध्ये. आणीबाणी उठून गेली होती, केंद्रात तीस वर्षांनी सत्तांतर झाले होते, आणि जुन्या नावांना मते मागणे कोठेही सोपे राहिले नव्हते. त्या वर्षीच्या जून महिन्यात सिंहाच्या निशाणीवर ताई लोकांपुढे गेल्या. स्वतः डिचोली मतदारसंघातून त्या निवडून आल्या, आणि ३० जागांच्या विधानसभेत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १५, काँग्रेसला १० आणि जनता पक्षाला ३ जागा मिळाल्या. पक्षाचे बळ १९७२ च्या १८ वरून उतरले होते, तरी राज्य राहिले. १९७३ चे राज्य कन्येला मिळाले होते. १९७७ चे राज्य मुख्यमंत्र्याला मिळाले. या निवडणुकीला आम्ही महत्त्व देतो ते एवढ्यासाठी.

लोकांनी तेव्हा पारखले काय? चार वर्षांच्या कारभारातील दोन कायदे आमच्या मते सर्वांत वजनदार. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्यास निष्कासनापासून संरक्षण दिले. १९७६ मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली. या दुरुस्तीविरुद्ध न्यायालयात झुंजी झाल्या, आणि १९८४ मध्ये घटनेच्या सत्तेचाळिसाव्या दुरुस्तीने गोव्याच्या जमीनविषयक कायद्यांना नवव्या परिशिष्टाचे कवच द्यावे लागले. घरातून हुसकावले जाण्याचे भय ज्या घरात असते, तेथे त्या भयाची झोप उडवणारी बाजू बाईच्या वाट्याला येते. कारण चूल तिची असते आणि तान्हे तिच्या कडेवर असते. मुंडकाराच्या बायकोने ताईंना मत दिले असेल, तर त्यामागे केवळ आंधळी भक्ती होती असे म्हणणे तिच्या शहाणपणाचा अपमान करण्यासारखे होईल.

तरीसुद्धा एक गोष्ट उरते. या पाठिंब्याचे स्वरूप नात्याचे होते. 'ताई' हा शब्दच पाहा. आमच्या समाजात थोरल्या बहिणीकडे हट्ट करता येतो, तिच्यावर रुसता येते; परंतु तिच्याकडून लेखी करार कोणी घेत नाही. स्त्रियांच्या मतांना प्रेमाचा ओघ होता, अटींचा बांध नव्हता. विधानसभेच्या तिकिटांत आमचा वाटा किती, पक्षाच्या निर्णयांत आमचा शब्द कोणता, हे विचारणारी आणि त्याचे उत्तर न मिळाल्यास पाठिंबा आवरून धरणारी संघशक्ती त्या प्रेमाच्या मागे उभी नव्हती.

अशी संघशक्ती मराठी मुलखाला अगदीच अपरिचित होती असे नाही. मुंबईत १९१८ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांनी हिंद महिला समाज स्थापन केला. बाई परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेतलेल्या, आणि १९१७ मध्ये गांधीजींच्या हाकेसरशी चंपारण्यात जाऊन काम केलेल्या. १९२३ मध्ये मुंबई महापालिकेत ज्या पहिल्या स्त्रिया गेल्या, त्यांत सरोजिनी नायडूंबरोबर अवंतिकाबाईही होत्या. त्यांच्या पाठीशी पित्याची वा पतीची गादी नव्हती. पाच वर्षे चालविलेली स्त्रियांची संस्था होती. मात्र हा झरा सतत वाहिला नाही. मुंबईला पहिली स्त्री महापौर १९५६ मध्ये सुलोचना मोदी यांच्या रूपाने लाभली, आणि दुसरी लाभण्यास १९९४ साल उजाडावे लागले. तेव्हा निर्मला सामंत-प्रभावळकर त्या आसनावर बसल्या. मधल्या अडतीस वर्षांत मुंबईत कर्तबगार स्त्रियांचा दुष्काळ पडला होता, असे कोण म्हणेल?

परदेशातील एक उदाहरण येथे ताडून पाहावेसे वाटते. अमेरिकेत जुलै १९७१ मध्ये बेला ॲबझग, शर्ली चिझम, ग्लोरिया स्टायनम प्रभृतींनी राष्ट्रीय महिला राजकीय परिषद स्थापिली. ती कोणत्याही एका पक्षाची नव्हे. स्त्रियांना निवडणुकीस उभे करणे आणि निवडून आणणे हेच तिचे काम. पण केवळ स्त्री म्हणून ती कोणाच्या पाठीशी राहत नाही. स्त्रियांच्या हक्कांविषयी काही ठरावीक भूमिका उमेदवाराने मान्य केल्या पाहिजेत, अशी तिची अट असते. त्याच देशात सॅन फ्रान्सिस्को शहरी नोव्हेंबर १९७८ मध्ये महापौरांची हत्या झाली, आणि नगरमंडळाच्या अध्यक्षा डायॅन फाइन्स्टाइन यांच्याकडे महापौरपद आले. त्यांचाही प्रवेश एका मृत्यूच्या दारातूनच झाला. १९७९ मध्ये त्यांनी ते पद मतांनी मिळविले. १९८३ मध्ये त्यांना परत बोलाविण्यासाठी मतदान घडवून आणले गेले, ते त्यांनी मोठ्या मताधिक्याने परतविले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या पुन्हा निवडून आल्या. पद कसे मिळाले हे लोक पुढे विसरतात. ते कसे टिकविले हे मात्र विसरत नाहीत.

आमच्या ताईंचे राज्य टिकले नाही. एप्रिल १९७९ मध्ये अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात त्यांच्याच पक्षाच्या काही आमदारांनी साथ सोडली आणि सरकार कोसळले. ज्यांनी १९७७ मध्ये मत दिले त्यांचा कौल कोणी विचारला नाही. विधानसभेच्या भिंतीआड जे झाले ते झाले. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत पक्षाला ३० पैकी ७ च जागा मिळाल्या. या पडझडीची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व स्त्री-पुरुष भेदात शोधणे चुकीचे होईल. पण विधानसभेतील पुरुष सहकाऱ्यांच्या मर्जीवर राज्य तोललेले असताना, बाहेरच्या हजारो स्त्रियांच्या प्रेमाला त्या तराजूत घालता येईल असे वजन नव्हते, हे आमचे मत आम्ही लपवू इच्छित नाही. ताई पुढे १९८९ मध्ये मये मतदारसंघातून विधानसभेत परतल्या, शिक्षणमंत्री झाल्या, आणि १९९० मध्ये प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान मराठी-कोंकणी अशा देशी भाषांतून शिकविल्यासच द्यावे, हे धोरण त्यांनी आणले. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या निवर्तल्या, त्या अखेरपर्यंत मातृभाषेच्या शाळांचा कैवार घेऊन. या धोरणाविषयी मतभेद असोत. हिशेब मागितला असता दाखविता येईल असे काम त्यांच्यामागे आहे, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही.

आता आजच्या स्थितीकडे वळू. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींत आणि नगरपालिकांत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या; गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्यामुळे ज्या घरातून कोणी स्त्री कधी पंचायतीची पायरी चढली नव्हती, तेथील स्त्रिया सरपंच झाल्या. परंतु या व्यवस्थेत एक मेख आहे. राखीव प्रभाग फिरते असतात. पाच वर्षे एका प्रभागात काम केलेल्या बाईचा प्रभाग पुढल्या खेपेस बहुधा खुला होतो, आणि 'आता तुमची पाळी संपली' असे तिला सहजपणे सांगण्यात येते. पहिली संधी कायद्याने दिली. दुसरी संधी देणे कायद्याच्या हाती नाही, ते मतदारांच्या हाती आहे. म्हणून स्त्रियांच्या संघटित पाठिंब्याची गरज पहिल्या निवडणुकीपेक्षा दुसऱ्या निवडणुकीत अधिक असते, आणि नेमकी तेव्हाच ती विस्मरणात जाते. २०२२ च्या गोवा विधानसभेत ४० पैकी ३ स्त्रिया निवडून आल्या, आणि तिघींच्याही घरात राजकारण आधीपासून वावरत होते. लोकसभा-विधानसभांतील एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचा अंमल जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जोडण्यात आला. तो कायदाही पहिलेच दार उघडणार आहे.

हे सारे देवस्थानांशी निष्ठा बाळगणाऱ्या वाचकांपुढे आम्ही का मांडीत आहो, असा प्रश्न साहजिक उद्भवेल. त्याचे कारण असे, की संघटित होऊन मत देण्याची पहिली शाळा आमच्या गावांत देऊळ हीच आहे. गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या महाजनकीच्या नियमांखाली चालतात. महाजन सभेत बसतात, समिती निवडतात, मुखत्यार व खजिनदार नेमतात, जमाखर्च तपासतात, आणि वाद झाल्यास मामलेदाराकडे जातात. पण बहुसंख्य देवस्थानांत महाजनकी पुरुषवंशाने चालत आली आहे. शिरगावच्या लईराईची, गावोगावच्या सातेरीची आम्ही आई म्हणून पूजा करतो. ज्या बाईचे मत मुख्यमंत्री निवडण्यास पुरते, तीच बाई या आईच्या उत्सवाचा हिशेब ऐकण्यास सभेत बसू शकत नाही, यातील विसंगती सुज्ञांस समजावून सांगण्याची गरज नसावी. प्रत्येक देवस्थानाचे नियमपत्र वेगळे आहे. ते कायदेशीर मार्गाने दुरुस्त करता येते, आणि त्याची सुरुवात महाजनांच्याच सभेत व्हावी लागेल. देवाच्या पूजाविधीस त्यामुळे बाध येत नाही. येथे प्रश्न जमाखर्चाचा आणि समितीच्या निवडीचा आहे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. देवळाच्या मंडपात निवडणुकीचा प्रचार व्हावा, असे आमचे म्हणणे नाही. धार्मिक स्थळांचा राजकारणासाठी उपयोग करण्यास १९८८ चा कायदा मनाई करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु गावोगावच्या महिला भजनी मंडळांतील आणि स्वयंसहाय्य गटांतील बायकांना वर्गणी गोळा करणे, पाळी लावणे, हिशेब लिहिणे उत्तम येते. हे ज्यांना येते त्यांना राजकारणातला हिशेब येणार नाही, हे आम्हांस पटत नाही. वर्षातून चार वेळा ग्रामसभा भरते. तेथे त्यांनी समूहाने जावे, आपल्या प्रभागाच्या बाईने पाच वर्षांत पाण्याचे, रस्त्याचे, शाळेचे काय केले ते विचारावे, आणि काम चोख असेल तर प्रभाग खुला झाला तरी तिच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहावे. काम चोख नसेल तर तेही तितक्याच जाहीरपणे सांगावे.

कायद्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर पाठिंबा हे वकीलपत्र आहे. ते विशिष्ट कामासाठी द्यावयाचे असते, देणाऱ्याने सही करण्यापूर्वी वाचावयाचे असते, आणि विश्वास उडाल्यास काढून घ्यावयाचे असते. १९७७ मध्ये गोमंतकीय स्त्रियांनी एका स्त्रीला राज्य पुन्हा दिले, तेव्हा त्यांनी ते मनापासून दिले. त्यांच्या लेकीसुनांना त्यात फक्त अटींची भर घालावयाची आहे. पुढल्या पंचायत निवडणुकीत नार्व्याच्या, मयेच्या, पेडण्याच्या एखाद्या प्रभागातून राखीव नसलेल्या जागी एखादी बाई केवळ आपल्या कामाच्या जोरावर दुसऱ्यांदा निवडून आली, तर त्या घटनेची नोंद या नियतकालिकाने अवश्य घ्यावी, अशी आमची विनंती आहे.